मशीनवर १९०४ कोरलंय, म्हणजे ते १९०४ चं का?

जुनं दाढीचं मशीन हाती आलं की पहिला प्रश्न हाच असतो. सोबत फोटो येतो: तीन सुट्या भागांचं (टोपी, खालची पट्टी आणि मूठ) जिलेट, आणि त्यावर इंग्रजीत १५ नोव्हेंबर १९०४. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. नाही. ती किंग जिलेट यांना अमेरिकेत पेटंट मिळाल्याची तारीख आहे, आणि नंतर कित्येक वर्षं बनलेल्या मशीनांवर ती तशीच उमटवली जात होती. तिच्यावरून एवढंच ठरतं की मशीन त्याआधीचं नाही.

पेटंटच्या तारखा एकाहून जास्त असतील तर सगळ्यांत अलीकडची धरायची. १३ जानेवारी १९२० दिसली तर ते १९२१ मध्ये बाजारात आलेलं सुधारित मॉडेल. १७५६७ हा पेटंट क्रमांक असेल तर १९३० किंवा त्यानंतरचं. त्या मॉडेलच्या खालच्या पट्टीवर पात्याच्या लांब फटीत बसणारी उंच कड असते, आधीच्या मशीनांना मात्र तीन भोकांचं पातं लागायचं. ब्रिटिश मशीनवर ६९४०९३ हा पेटंट क्रमांक असेल तर ते १९५० च्या दशकाआधी नेऊ नका. नुसतं ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर साल कळत नाही, देश कळतो.

खरं साल सांगणारी खूण वेगळी. १९५१ पासून जिलेटच्या अमेरिकन मशीनांवर एक अक्षर आणि एक आकडा येऊ लागला. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. १ म्हणजे जानेवारी ते मार्च, ४ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. डब्ल्यू १९५१, एक्स १९५२, वाय १९५३, झेड १९५४. मग पुन्हा ए पासून: ए १९५५, बी १९५६, सी १९५७, डी १९५८, ई १९५९, एफ १९६०, जी १९६१, एच १९६२, आय १९६३, जे १९६४, के १९६५, एल १९६६, एम १९६७, एन १९६८, ओ १९६९. एफ-३ दिसलं तर १९६० चा जुलै ते सप्टेंबर. मूठ फिरवली की वरची दोन दारं उघडणाऱ्या मशीनात हा ठसा माथ्याच्या खालच्या अंगाला असतो, म्हणजे मशीन उलटं धरल्याशिवाय दिसायचा नाही.

दिसला तरी वाचता येईलच असं नाही. पन्नास-साठ वर्षांचा साबण अक्षरांत बसून दगडासारखा झालेला असतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका, मशीन दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा आणि मऊ टूथब्रशनं घासा. पाणी उकळू नका. सोनेरी मुलाम्यावर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा थर असतो, तो उठतो. पितळ चकाकवायची पॉलिश तर अजिबात नको. मुलामा पातळ असतो, आणि घासताना अक्षरांच्या कडाही जातात. एकदा गेल्या की त्या मशीनचं साल कायमचं गेलं. मशीन कोरडं करून ठशावर चिमूटभर टाल्कम पावडर चोळा, वरची बोटानं पुसून घ्या. खोलगट अक्षरांत पांढरी पावडर राहते. मग टॉर्च बाजूनं, जवळजवळ आडवी धरा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघा. समोरून पाडलेल्या उजेडात चकाकीशिवाय काही दिसत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा ई, एफ आणि एल मध्ये होतो. ई ची खालची रेघ झिजली की एफ, वरच्या दोन झिजल्या की एल. आय तर आकडा १ सारखाच दिसतो. अशा वेळी मॉडेलला विचारायचं. फॅटबॉय म्हणून ओळखलं जाणारं जाडजूड मुठीचं मशीन, म्हणजे पातं किती उघडं ठेवायचं ते ठरवणारी १ ते ९ अंकांची चकती असलेलं १९५ अॅडजस्टेबल (किंमत १.९५ डॉलर होती, त्यावरून नाव), १९६१ पर्यंतच बनलं. त्यावर एल वाचलात तर ते १९६६ होईल आणि ते शक्यच नाही; अक्षर ई असणार. त्यानंतर आलेलं सडपातळ मुठीचं अॅडजस्टेबल जी पासून एन पर्यंत सापडतं. ए ते झेड ही फेरी पुढं पुन्हा सुरू झाली, त्यामुळे एकट्या ए वरून निकाल देऊ नका. मूठ, टोक आणि मॉडेल जुळलं पाहिजे.

अक्षरच नसेल तर? १९४७ च्या सुमाराच्या सुपर स्पीड या जिलेटच्या मॉडेलवर ते नसतंच. ब्रिटिश मशीनांपैकी बहुतेकांवर, विशेषतः जुन्यांवर, नसतं. तिथं एका वर्षाचा हट्ट सोडून काळाचा पट्टा लिहावा, जसं त्या सुपर स्पीडला ‘१९४७ ते १९५०’. हे प्रामाणिक उत्तर आहे आणि विकत घेणाऱ्यालाही तेच उपयोगी.

तीन भागांच्या मशीनात आणखी एक काळजी घ्या. मुठीचे आटे इतके सारखे असतात की एकाची मूठ दुसऱ्याच्या माथ्याला आरामात बसते. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अशी जुळवलेली मशीनं सर्रास मिळतात. टोपी, खालची पट्टी आणि मूठ वेगळी करून प्रत्येकावरची खूण वाचा, तिघांच्या मुलाम्याचा रंग ताडून बघा. नव्यानं निकेल चढवलेलं मशीन फार चकचकीत असतं, पण त्याची अक्षरं भरल्यासारखी, कडा गोल झालेली दिसतात. डबी आणि आतलं पात्याचं पाकीट यावर तर मुळीच भरवसा ठेवू नका. पाती संपली की नवी यायची, पाकीट मशीनपेक्षा वीस वर्षांनी लहानही असू शकतं.

आपल्याकडच्या मशीनवर किंवा डबीवर इंडियन शेव्हिंग प्रॉडक्ट्स या जिलेटच्या भारतातल्या कंपनीचं नाव असेल तर काम सोपं आहे. ही कंपनी १९८४ ची, कारखाना राजस्थानात भिवाडीला. ती वस्तू आजोबांच्या तरुणपणातली म्हणून कोणी दाखवली, तर आधी आजोबांचं वय विचारून घ्या.