तुम्ही विचारलंत म्हणून: त्या कडीबद्दल

होय, रात्री मुलीच्या खोलीला आम्ही बाहेरून कडी लावतो. “पोटच्या पोरीला कोंडता?” असं इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच लिहून टाकते.

तिला असलेला स्मिथ-मॅजेनिस सिंड्रोम हा जनुकीय आजार, सतराव्या गुणसूत्राचा गळालेला तुकडा, त्यातलं आरएआय१ जनुक, हे सगळं तुम्ही माझ्याकडून ऐकलंय. तरी “संध्याकाळी दमवा, झोपेल” हे थांबत नाही. झोप आणणारं संप्रेरक, मेलाटोनिन, तुमच्याआमच्यात रात्री वाढतं, या मुलांमध्ये बहुधा दिवसा. म्हणून शाळेत डुलक्या आणि पहाटे तीनला टक्क जाग. दमवून काय होणार? तान्हेपणी हीच मुलगी दुधासाठीही उठायची नाही, तेव्हा “किती गुणी बाळ” म्हणणारे तुम्हीच होतात.

पूर्वी कडी नव्हती. कडीचा विषय काढणाऱ्याशी मी भांडायचे. मग ती पहाट आली. स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेले, तर काचेची बरणी फुटलेली, तळपायात काच रुतलेली, फरशीभर रक्त, आणि ही मधोमध बसून बोट चाटत मासिकाची पानं उलटतेय. मला पाहून तिनं आनंदानं स्वतःलाच घट्ट मिठी मारली. रडणं नाही की कण्हणं नाही. या मुलांना वेदना कमी जाणवतात, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, इतकंच.

दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी तिची बोटं पाहिली. दोन नखं नव्हती, मनगटावर दातांचे वण होते. “ही रडत का नाही?” असं विचारून त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि आत तिला विचारलं, नखं कोणी काढली. ती स्वतःच उपटते, स्वतःलाच चावते, हा आजाराचाच भाग आहे. फाइल उघडून दाखवेपर्यंत मी संशयित होते. त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं. राग मात्र गेलेला नाही.

कडी त्याच आठवड्यात बसली. खोलीत काच नाही, गादी जमिनीवर, कॅमेरा चालू, शेजारच्या खोलीत आमच्यापैकी एक जण. औषधं आहेत: सकाळी दिवसाचं मेलाटोनिन दाबणारं बीटा-ब्लॉकर, रात्री मेलाटोनिन. फरक पडतो, पण पहाट तशीच उजाडते. अमेरिकेत २०२० मध्ये टॅसिमेल्टिऑन या औषधाला याच आजारातल्या झोपेसाठी मान्यता मिळाली. ती बातमी पाठवणारेही बरेच आहात. वाचलंय, आमच्या डॉक्टरांशी बोलूनही झालंय.

कडी तिच्या सुरक्षिततेसाठी, असं मी सगळ्यांना सांगते. काही रात्री ती माझ्या झोपेसाठी असते.

भांडणारी ती जुनी मी विचारायची, आग लागली तर? तिचा मुद्दा आजही मला खोडता येत नाही. नवरा म्हणतो, कडी काढून दाराला अलार्म लावू. मी म्हणते, आपल्याला जाग येईपर्यंत ती गॅसपाशी पोचलेली असेल. तो म्हणतो, मग गॅसचा कॉक रोज बंद करू. मी म्हणते, आणि बाकीचं घर?