लंडनमध्ये तर्री सापडली, पण कोणाकडे!

"बाजी, निहारी आज बड़े की है. पाये ले लें, वो छोटे के हैं."

वेटरनं हे हळूच सांगितलं, टेबल पुसता पुसता, शेजारच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं. आम्ही काहीच विचारलं नव्हतं. बायकोच्या कपाळावरची टिकली त्याला दिसली असणार. 'बडे का, छोटे का' ही भाषा नागपूरच्या मोमिनपुऱ्यात, मुस्लिम वस्तीत, लहानपणापासून कानावर पडलेली, नागपूरच्या माणसाला तिचा अर्थ सांगावा लागत नाही. (बाकीच्यांसाठी: बडे म्हणजे बीफ, छोटे म्हणजे बकरा-मेंढी.) पण लंडनच्या पार पूर्वेला, इलफर्ड लेनवर, लाहोरच्या माणसाच्या तोंडून ती ऐकली आणि मी मेनूकार्डातून मान वर काढली.

न सांगता त्याला निहारी (मंद आचेवर शिजवलेला मांसाचा दाट रस्सा) आणून ठेवता आली असती. आम्ही बोटं चाटत घरी गेलो असतो आणि जन्मात कळलं नसतं. इथे निहारी कुठे बीफची असते, कुठे लॅम्बची, आणि मेनूवर पुष्कळदा नुसतं 'निहारी' एवढंच असतं. म्हणून मी दरवेळी विचारतो, आणि विचारताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. यानं ती वेळच येऊ दिली नाही. (काही जण म्हणतील, लंडनला जाऊन काहून एवढं सोवळं? सावजी मटणावर वाढलेल्या माणसाला सोवळं कोणी शिकवू नये. पण ही एक रेघ घरून घेऊन आलोय, ती पुसावी असं अजून वाटलेलं नाही. बस.)

पाये आले. स्टीलच्या खोल वाडग्यात लॅम्बचे खूर, चिकट रस्सा, वर आल्याचे बारीक उभे काप, हिरवी मिरची, लिंबाची फोड. मी नानचा तुकडा मोडतोय तेवढ्यात तो पळी घेऊन परत आला.

"तरी और डालूँ ऊपर से?"

तरी! पुण्या-कोल्हापूरच्या वाचकांनी इथे 'कट' वाचावं. रस्सा उकळून उकळून मसाल्याचा रंग तेलात उतरतो आणि ते लाल तेल वर येऊन तरंगतं, ती तर्री. आम्ही नागपूरकर तिच्यात एक 'र' जास्त घालतो, तो तिखटाचा. हा शब्द आमचा, इतवारी-महालच्या बाहेर त्याला कोणी विचारत नाही, असंच मी आजवर धरून चाललो होतो. पुण्यात शिकायला होतो तेव्हा पोहेवाल्याला "थोडी तर्री टाका ना वरून" म्हटलं होतं, तर त्यानं माझ्या पोह्यावर जास्तीचं खोबरं भुरभुरलं होतं. आपल्याच राज्यात ही गत. आणि सात टेबलांच्या त्या हॉटेलात लाहोरचा माणूस पळी धरून उभा, तरी टाकू का विचारत.

"डालो भाई," म्हटलं. आवाज जरा चमत्कारिकच आला असावा, कारण बायकोनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

आता तुलना केल्याशिवाय राहवत नाही. सावजीचा खूर काळपट असतो. भाजलेले धने, खसखस, लवंग, आणि जुन्या घरांत जवसाचं तेल. पहिल्या घासाला कान गरम होतात, तिसऱ्याला नाक वाहतं. लाहोरी पाये त्यापुढे अगदीच सालस. तिखटात सावजीच्या पासंगालाही पुरत नाहीत, हे मी त्यांच्याच हॉटेलात बसून सांगू शकतो (सांगितलं नाही). पण रात्रभर मंद आचेवर शिजलेल्या खुरांनी ओठ एकमेकांना चिकटतात ना, ते तसंच. हात साबणानं दोनदा धुतले तरी बोटं तुळतुळीत राहतात, तेही तसंच.

एवढं लांबण लावायचं कारण, इथे आल्यावर पहिलं वर्ष मी पाटी वाचून फसत होतो. दारावर 'इंडियन', आत कोर्मा. तोही इतका गोड की वाढदिवसाला चालावा. अशी बरीचशी करी हाउसं बांगलादेशातल्या सिल्हेटच्या लोकांची. त्यांचा दोष नाही. पबमधून निघालेल्या इंग्रजाला काय झेपेल ते ओळखून त्यांनी बिचाऱ्यांनी तो मेनू बसवला आणि त्यावर पिढ्या जगवल्या. त्यांच्या घरची मासळी वेगळीच असते, ती आपल्याला मिळत नाही. पण 'तुमचंच जेवण आहे ना हे' म्हणून ऑफिसातला साहेब मला तिथे न्यायचा आणि मी मान डोलवायचो, त्याचा राग अजून आहे. पाकिस्तानी हॉटेलात निदान कांदा कांद्यासारखा आणि मिरची मिरचीसारखी लागते. त्यांच्या कराहीत (कढईतच शिजवलेलं मटण) तर बहुतेक कांदा घालत नाहीत, नुसता टोमॅटो, आलं, मिरची आणि मोठ्ठी आच. नागपुरात हे मी कोणापुढे बोललो असतो तर मार खाल्ला असता, पण वर्षभर कोर्मा खाल्लेल्या जिभेला ती कराही माहेरची वाटली.

मार खाल्ला असता म्हणालो, तो इथेही खाल्ला. आमच्या मराठी ग्रुपवर मी पाये-पुराण टाकलं तर पहिलंच उत्तर, "हजार हॉटेलं सोडून त्यांच्याकडेच?" मी म्हटलं, भाऊ, पैसे इथल्या माणसाला, कर इथल्या सरकारला, मालकाचा जन्मही बहुतेक इथलाच. नाही पटलं. मग मी इतिहास काढला. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता, कराचीत आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाची शाळा उभी आहे, म्हणजे तसे आपण शेजारीच. यावर एका सांगलीकरानं शांतपणे लिहिलं, की तेव्हा नागपूर मुंबई इलाख्यात नव्हतंच, मध्य प्रांतात होतं. शिवाय पाये लाहोरचे, सिंधचे नव्हेत. मी ग्रुप म्यूट केला.

खरं तर माझंही मन काही एवढं मोठं नाही. १८ जून २०१७ ला ओव्हलवर चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल १८० धावांनी हरलो, त्यानंतर तीन महिने मी व्हाइटचॅपलच्या पाकिस्तानी हॉटेलाकडे फिरकलो नव्हतो. १६ जून २०१९ ला मँचेस्टरला ८९ धावांनी जिंकलो आणि सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट तिथेच. काउंटरवरच्या म्हाताऱ्यानं मला पाहिलं, ओळखलं, आणि काही न बोलता रायत्याची वाटी जास्तीची ठेवली. दोन्ही वेळी मी पोरकटपणा केला, हे मान्य.

एप्रिल २०२५ ला पहलगाम झालं तेव्हा मात्र तो पोरकटपणा नव्हता. कित्येक आठवडे पाय वळले नाहीत. मग एका शनिवारी गेलो. म्हातारा काउंटरवरच होता. त्यानं विचारलं, बच्चे ठीक हैं? मी म्हटलं, ठीक हैं. त्यापलीकडे तो काही बोलला नाही, मीही नाही. जेवण त्या दिवशी कसं होतं, विचाराल तर आठवत नाही.

असो. भाचा सप्टेंबरात इकडे शिकायला येतोय, 'मामा, खायला कुठे जायचं' म्हणून त्याचे रोज मेसेज. त्याच्या निमित्तानं सगळ्यांसाठीच लिहून टाकतो.

व्हाइटचॅपल पहिलं. फील्डगेट स्ट्रीटवरचं तय्यब्स हे १९७२ पासूनचं पंजाबी कुटुंबाचं हॉटेल. तिथे लॅम्ब चॉप्स खायचे. लोखंडी तव्यावर चरचरत येतात, धूर शेजारच्या टेबलावरच्यांच्या डोळ्यांत जातो, आणि कोट असेल तर तो बाहेरच कुठेतरी ठेवून यावा, नाहीतर मंगळवारपर्यंत ऑफिसात त्याचा वास येतो. रांग असते, धीर धरावा. दारू विकत नाहीत, पण बाहेरून आणलेली चालते. हलाल हॉटेलात टेबलावर बिअरची बाटली हे कोडं मला सुटायला वर्ष लागलं. दहा-पंधरा मिनिटं चाललं की अंबरस्टन स्ट्रीटवर लाहोर कबाब हाउस, तेही १९७२ चंच. दोघांत भारी कोणतं यावर इथे मित्रांमध्ये अबोला होतो. मी चॉप्सला तय्यब्स आणि कराहीला लाहोर, असं म्हणून दोन्हीकडून शिव्या खातो.

यूस्टन स्टेशनमागे ड्रमंड स्ट्रीट. हा रस्ता आईबाबांना घेऊन आलात तर. एका बाजूला दिवाणा भेळपुरी हाउस, शुद्ध शाकाहारी. जवळच रावी कबाब, तिथे हलीम आणि निहारी. आईला भेळेपाशी बसवून आपण पलीकडे जाऊन येता येतं (मी केलंय, आईला माहीत आहे, बाबांना नाही). अंबाला मिठाईवाले १९६५ साली याच रस्त्यावर सुरू झाले, पाकिस्तानातून आलेल्या माणसाचं दुकान, आणि आमच्या दिवाळीच्या बर्फ्या वर्षानुवर्षं तिथूनच. हे ग्रुपवर कोणी काढत नाही. हाय-स्पीड रेल्वेच्या खोदकामात त्या रस्त्याचा एक भाग गेला, धूळ आणि पत्रे बघून वाईट वाटतं.

टूटिंगला लाहोर कराही आणि मिर्च मसाला. महापौर सादिक खान त्याच भागातले, तिथले खासदारही होते. तिकडे दक्षिण भारतीय हॉटेलंही ओळीनं आहेत, त्यामुळे एकाच संध्याकाळी डोसा आणि सीख कबाब जमतं. साउथॉल सगळ्यांना माहीत आहे, त्यावर काय लिहायचं. हाउन्सलोला मुंबईच्या दोघांनी २०१० साली सुरू केलेलं श्रीकृष्ण वडापाव आहे, ते पाकिस्तानी नाही, पण भाचा वडा-पाववर जगतो म्हणून नोंद.

कराही मागवताना एक लक्षात ठेव रे बाबा, काही ठिकाणी ती किलोवर असते. 'एक कराही' म्हटलं की किलोभर मटण समोर येतं. दारावर हायजिनचं शून्य ते पाच आकड्यांचं स्टिकरही बघत जा. वेल्समध्ये ते लावायची सक्ती आहे, इंग्लंडमध्ये नाही, तेव्हा नसलं की ऑनलाइन आकडा बघायचा. आमच्या आवडत्या सावजीला इथे किती मिळाले असते, या विषयावर मी बोलणार नाही.

आणि इलफर्ड. त्या हॉटेलाचं नाव लिहीत नाही. सात टेबलं, तुम्ही सगळे याल आणि मला जागा मिळणार नाही.

पाये खाल्ले तेव्हाच भिंतीवर वाचलं होतं, रविवारी सकाळी हलवा-पुरी. त्यांच्या हलव्याला आपण शिरा म्हणतो, म्हणजे सरळ शिरा-पुरी. फक्त सत्यनारायणाशिवाय, आणि सोबत चणे. परवाच्या रविवारी एकटाच गेलो. शेजारच्या टेबलावर ताट आलं ते पाहिलं, पुरीकडे नाही, चण्याकडे. आपल्या तर्री-पोह्यातला गावरान काळा हरभरा नव्हे, काबुलीच होता. पण वाटीत वर बोटभर लाल थर, आणि चमचा बुडवला की तो फाकून परत मिटत होता. मी काउंटरवर गेलो.

"सिर्फ़ चने, पैक कर दो. तरी ज़्यादा."

"पूरी कितनी?"

"पूरी नहीं चाहिए. पोहे पे डालना है."

"किस पे?"

आता पोहे कसे सांगणार? म्हटलं, चावल को चपटा करते हैं, फिर भिगोते हैं, हळद, मिरची, प्याज. माझी नागपुरी हिंदी, त्यात हळदीला हळदच म्हणालो. मागे आठ-दहा माणसं उभी, त्यातल्या एका बाईनं सुस्कारा सोडला. त्यानं मान हलवली, समजल्यासारखी नव्हे, 'असू दे' अशी. डबा भरला, मग पातेलं तिरकं करून पळीनं नुसता वरचा थर काढला, दुसऱ्या छोट्या डब्यात ओतला.

"इसका कितना?"

"तरी का कौन पैसे लेता है, भाई."

घरी बायकोनं पोहे भिजवून ठेवले होते. एलिझाबेथ लाइनच्या जांभळ्या सीटवर दोन्ही डबे मांडीवर धरून बसलो. रोमफर्ड येईपर्यंत छोट्याचं झाकण सुटलं होतं आणि जीन्सवर डाव्या गुडघ्याच्या वर जो डाग पडलाय, तो दोन धुण्यांत गेलेला नाही.