जहाजाच्या बुडाला चिकटलेलं काय काय

भाचा सुट्टीवर बडोद्याला आलाय, जहाजावर इंजिनरूममध्ये असतो, काल सेवउसळ खायला गेलो तर त्याने खिशातून एक पांढरं खडबडीत कवच काढून माझ्या हातावर ठेवलं, बोट फिरवलं तर चक्क ओरखडा! म्हणे मामा, हे बार्नॅकल, म्हणजे समुद्रातला एक कवचवाला चिकट्या जीव, ड्रायडॉकमध्ये (जहाज पाण्याबाहेर घेऊन दुरुस्त करतात तिथे) जहाजाच्या बुडावरून खरवडलेलं. असली हजारो चिकटली की पाणी अडतं आणि तेवढ्याच स्पीडला इंधन जास्त जळतं. टँकरसारख्या सावकाश जहाजाचा तर निम्म्याहून जास्त जोर पाण्याच्या घर्षणातच जातो, मला आपलं वाटायचं लाटा कापण्यात जात असेल.

पूर्वी टिनवाला विषारी रंग मारायचे, काही चिकटायचंच नाही, पण समुद्रातल्या मादी गोगलगायींना त्याने नराचे अवयव फुटायला लागले (खरंच!), मग २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानेच बंद. आता तांब्याचा रंग, नाहीतर सिलिकॉनचा गुळगुळीत, सिलिकॉनवालं जहाज पळायला लागलं की चिकटलेलं सुटतं, आमचा नॉनस्टिक तवा नवा होता तेव्हा तसा होता. पण जहाज बंदरात नुसतं उभं राहिलं तर त्याचंही फार चालत नाही. काही जहाजं तर बुडाखाली हवेचे बुडबुडे सोडत जातात म्हणे, घर्षण कमी व्हायला. ऐकता ऐकता माझी उसळ गार, तरी घ्यायचीच राहिली.