चौथा कप्पा

नकाशा जवळजवळ तयार होता. आमच्या संग्रहातल्या 'बी-फ्लाय' कुळातल्या माश्यांच्या प्रसाराचा. तेवढ्यात आमच्याकडे काम करणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, हायपरॅलोनिया माश्यांचे ठिपके ब्राझीलमध्ये आहेत आणि एकदम सह्याद्रीत. मधे काहीच कसं नाही?"

प्रश्न इतका रास्त होता की मी चहा तसाच ठेवून कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास, टाचण्यांवर पाच माश्या. त्यातली पहिली मी भिंगाखाली घेतली. काळं अंग, पोटावर पांढरे डाग आणि काळपट तपकिरी पंख. जरा कलते केले की पंखांवर जांभळी झाक येते. कितीदा पाहिली तरी ती मला भारी वाटते.

पंखाच्या पुढच्या कडेलगत, टोकाकडे शिरांनी आखलेले छोटे कप्पे असतात. तीन असले तर माशी साधारणपणे एक्झोप्रोसोपा या प्रजातीतली, म्हणजे जातींच्या गटातली. इथे चार होते. लेबलावर 'हायपरॅलोनिया टँटलस', आधी प्रजाती, मग जाती.

घोळ इथेच होता. ही जाती फॅब्रिशियस या कीटकतज्ज्ञाने 1794 मध्ये नोंदवली. ब्रुनेट्टी या माश्यांच्या अभ्यासकाने 1920 च्या भारतीय माश्यांवरच्या खंडात चार कप्प्यांच्या आपल्या माश्या हायपरॅलोनियात घातल्या आणि लेबलं त्यावरून लिहिली गेली. पुढे ते नाव फक्त दक्षिण अमेरिकेतल्या माश्यांपुरतं उरलं. आपल्याकडच्या लायजिरा या प्रजातीत गेल्या. ती आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी सगळीकडे पसरलेली आहे. माशी हलली नव्हती, नाव हललं होतं, आणि आमच्या यादीने जुनं नाव जसंच्या तसं नकाशावर नेलं होतं.

मग पाचही तपासल्या. तीन लायजिराच. चौथीच्या पंखात तीनच कप्पे, म्हणजे ती कधीतरी चुकून या रांगेत टोचली गेली होती. नुसतं नाव बदलून भागवलं असतं तर तीही लायजिरा म्हणून नकाशावर गेली असती, याचं मला खरंच दडपण आलं.

"आणि ही?" तिने पाचवी पुढे केली. उजव्या पंखात चार कप्पे, डाव्यात तीन. आडवी शीर अर्ध्यातच थांबलेली. अशी विकृती या माश्यांत दिसते, म्हणून मी नेहमी दोन्ही पंख मोजते.

"हिचा ठिपका कुठल्या रंगाचा?"

"आज नको देऊस."

बाकीची लक्षणं उद्याच्या उजेडात बघायची ठरवून मी तिच्या टाचणीला कोरी चिठ्ठी लावली आणि तिला वेगळ्या डबीत ठेवलं.