आमची वाटचाल : खतावणीतला ‘थांबा’ रकाना

२००३ साली द्राक्षबागेवर कर्ज काढून एक जुनी सहा चाकी गाडी घेतली. ऑफिस म्हणजे नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीचा बाक. हुंडेकऱ्याकडून, म्हणजे मालवाहतुकीच्या दलालाकडून, मिळेल ते भाडं उचलायचं. कधी कांदा, कधी पत्र्याचे डबे, कधी स्विचगियरची खोकी. आज आमच्याकडे अकरा गाड्या आहेत. त्या कशा वाढल्या यात सांगण्यासारखं फार नाही, हप्ते थकवले नाहीत आणि माल पोचवत राहिलो. सांगायचंय ते गाडीवरच्या माणसांबद्दल.

२००९ मध्ये इंदूरला विजेच्या सामानाची खोकी चालली होती. गाडीवर मामा होते. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना मामाच म्हणत. धुळे, शिरपूर ओलांडून रात्री दोनच्या सुमारास गाडी मध्य प्रदेशच्या हद्दीवरच्या बिजासन घाटाला लागली. भरलेली गाडी चढाला माणसाच्या चालीने चढते. तेवढ्यात कुणीतरी मागून चढलं, ताडपत्री चिरली आणि खोकी खाली सोडली. इंदूरला गाडी खाली केली तेव्हा चौदा खोकी कमी भरली. पार्टीने, म्हणजे माल पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाने, भाडं अडवलं, वरचे पैसे माझ्याकडे मागितले. मी विम्याचे कागद काढले आणि तेव्हा कळलं, की गाडीचा विमा हा गाडीपुरताच असतो, आतल्या मालाचा वेगळा काढावा लागतो. नव्याने धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो.

पुढे मी जे केलं ते आजही टोचतं. मामांच्या पगारातून दर महिन्याला हजार रुपये कापू लागलो. ते एवढंच म्हणाले, “शेठ, घाटात पुढं बघू का मागं?” वर्षभराने ते काम सोडून गेले.

२०११ मध्ये एका फेरीला क्लीनर आजारी पडला, म्हणून मीच केबिनमध्ये बसलो. तोच घाट, तीच वेळ. चढाला इंजिनाच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही. आरशात अंधार आणि मागच्या गाडीचे दिवे, बस. माथ्यावर चहाला उतरलो तर मागची ताडपत्री लोंबत होती, चार खोकी गेली होती. मी जागा होतो, आरशात बघत होतो, तरी कळलं नाही. घरी आल्यावर मामांच्या गावी गेलो आणि कापलेला पैसा परत दिला. त्यांनी तो घेतला, चहा पाजला. कामावर मात्र परत आले नाहीत. त्या दिवसापासून चोरीपोटी ड्रायव्हरचा एक रुपयाही कापलेला नाही.

मग एकेक गोष्ट बदलत गेलो. किमती माल उघड्या गाडीत भरणं बंद केलं, बंद बॉडीच्या गाड्या घेतल्या. दाराला बोल्ट सील (कापल्याशिवाय न निघणारं लोखंडी सील), त्याचा नंबर बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, आणि प्रत्येक थांब्यावर सीलचा फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर. हा फोटो ड्रायव्हरवर पहारा म्हणून नाही, उद्या संशय घेतला गेला तर त्याच्या हातात पुरावा असावा म्हणून आहे, हे मी प्रत्येकाला समोर बसवून सांगतो. मुक्कामाला दोन गाड्या असल्या तर पाठीला पाठ लावून उभ्या करायच्या, म्हणजे दोन्हींची दारं उघडत नाहीत. एकटी असली तर मागची बाजू भिंतीला. डिझेलच्या टाकीला कुलूप आणि तोंडात जाळी. गाडीत काय भरलंय हे ढाब्यावर कुणाला सांगायचं नाही, अनोळखी माणसाने पुढे केलेला चहा घ्यायचा नाही.

माणसाच्या जिवाला सर्वात मोठा धोका मात्र आम्हीच त्याच्या खिशात ठेवत होतो. पूर्वी लांबच्या फेरीला टोल, डिझेल, भत्ता मिळून पंधरा-वीस हजारांची रोकड केबिनमध्ये असे, आणि रस्त्यावर ज्याला कळायचं त्याला ते कळे. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, डिझेल कार्डावर आलं, आणि आता ड्रायव्हरजवळ जेवणाखाणापुरते पैसे असतात. कुणी चाकू दाखवला तर पैसे, मोबाइल, गाडीची किल्ली सगळं देऊन टाका, असं आम्ही स्पष्ट सांगितलंय. उन्हाळ्यात काचा उघड्या टाकून झोपणाऱ्याला लुटणं सोपं असतं, म्हणून खिडक्यांना आतून जाळ्या बसवल्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मुक्कामाला एसी चालवायचा तर इंजिन सुरू ठेवावं लागतं, ते डिझेल मालकाने द्यायला हवं.

अपघाताची भीती वेगळीच. चूक कुणाचीही असो, मार ट्रकवाल्याला. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकाला जखमीसाठी उपचाराची सोय करायला सांगतं, आणि जमाव खवळल्यामुळे ते शक्य नसेल तर सूटही तिथेच दिलेली आहे. पोलिसांना मात्र चोवीस तासांच्या आत कळवावंच लागतं. आमच्या केबिनमध्ये मराठीत आणि हिंदीत कागद चिकटवलाय : आधी ११२ लावा, जखमीला सोडू नका, जमाव अंगावर आला तर थेट पोलीस ठाणं गाठा.

आणि सगळ्यात उशिरा सुचलेली गोष्ट म्हणजे वेळ. ‘सकाळी आठला गाडी लागलीच पाहिजे’ असं मीच फोनवर ओरडायचो. मग माणूस झोप मोडून रात्री दोनला घाट चढणार, नाहीतर डुलकी आली की दिसेल त्या अंधारात गाडी लावणार. चोराला दुसरं काय हवं? आता रात्री बारा ते पहाटे पाच गाडी उजेड आणि कॅमेरे असलेल्या पंपावर उभी राहते. आमच्या रस्त्यांवरच्या अशा पंपांची यादी ड्रायव्हरांनीच केली आहे.

यामुळे दोन पार्ट्या गेल्या. दुसऱ्या काही उशिराचा दंड लावतात. गेल्या महिन्यात बिजासन घाटापलीकडच्या सेंधव्याहून ड्रायव्हरचा रात्री फोन आला, “शेठ, डोळे मिटायला लागलेत, थांबतो.” गाडी पाच तास उशिरा लागली, तीन हजार कापले गेले. आमच्या खतावणीत टायर, डिझेल, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) यांच्या शेजारी आता ‘थांबा’ असाही एक रकाना आहे. ते तीन हजार मी तिथे मांडले.