सत्ती ते दश्शी: मधल्या जोड्यांचा हिवाळा

या हिवाळ्यात एकच गोष्ट घोटायची ठरवली होती. पोकरमध्ये हातातल्या दोन पानांत सत्ती, अठ्ठी, नव्वी किंवा दश्शीची जोडी आली की करायचं काय? एक्क्याची जोडी कुणीही खेळतो. दुर्रीची टाकताना कुणाचा जीव जात नाही. या मधल्या चार मिळून सरासरी ५५ डावांत एकदा येतात, आणि वाट पाहून आल्या की सोडवत नाहीत.

आमचं टेबल यावलकडच्या केळीच्या मळ्यात, भरीत-पुरी झाल्यावर. खेळ टेक्सास होल्डेम (पोकरचाच प्रकार: हातात दोन पानं, मधे सर्वांची मिळून पाच), ब्लाइंड (पानं पाहण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या चिप्स) १०-२०, प्रत्येकी २००० चिप्स. पैसे नाहीत, ज्याच्याकडे शेवटी सर्वांत कमी चिप्स, त्याने पुढच्या खेपेची वांगी आणायची, तीही बामणोदचीच. (ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हा सराव काय तो इथेच.)

आमच्यातले सगळे तीन पत्तीतून आलेले, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. तीन पत्तीत चारपैकी तीन हातांत साधी जोडीही नसते, म्हणून नव्वीची जोडी म्हणजे राज्य. होल्डेममध्ये सात पानं उघडल्यावर जोडीही न जमणारे हात जेमतेम १७ टक्के. पण डोक्यात तीन पत्तीच चालू असल्यामुळे कुणी पॅक होत नाही. ‘दाखव नं भो, पाहू दे!’ या टेबलावर ब्लफ मारणं म्हणजे चिप्स वाटणं.

म्हणून सत्ती-अठ्ठीचं गणित माणसं मोजून करतो. चार-पाच जण आत असतील तर मला जोडीचं तिसरं पानच हवं, म्हणजे सेट. फ्लॉपवर (मधली पहिली तीन पानं) ते ११.८ टक्के वेळा लागतं, साडेआठ वेळांत एकदा. उलट सत्तीपेक्षा मोठं एखादं तरी पान ९२ टक्के फ्लॉपवर असतंच. समजा, आमच्या टेबलावरच्या नानांनी वाढवून ८० केले आणि त्यांच्यापुढे २००० आहेत, तर पंचवीसपट मिळण्याची आशा आहे, कॉल (तितकेच लावून आत राहायचं). समोर ६०० च उरले असतील तर पॅक. सेट लागला की हळू खेळायची नाटकं नाहीत, सरळ मोठी बेट. पाहायला येणारे येतातच.

दश्शीचं वेगळं. ६० केले की सगळं टेबल आत येतं, १२० केले की एखाद-दुसराच. परवा तसंच केलं, मोठ्या ब्लाइंडवरून फक्त नाना आले. पॉट (मधे जमलेल्या चिप्स) २५०. फ्लॉप गुलाम-छक्की-दुर्री, तीन वेगळ्या रंगांची. मी १०० लावले, नानांचा कॉल. टर्नला (चौथं पान) चौकी, दोघेही चेक (काही न लावता पुढे). रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) अठ्ठी, आणि नानांनी ४५० च्या पॉटमध्ये १५० सरकवले. पाचांत एकदा जिंकलो तरी कॉल परवडतो, आणि नाना छक्कीच्या जोडीवरही बेट लावतात हे मला ठाऊक. कॉल केला. नानांकडे एक्का-छक्की. गुलाम दिसला म्हणून दश्शी लगेच टाकायची नाही, हे आता अंगवळणी पडतंय. तीनजण आत असते तर मात्र चेक करून शांतपणे सोडली असती.

अडकलोय ते उलट रेझवर, म्हणजे मी वाढवल्यावर समोरच्याने आणखी वाढवलं तर. माझ्या दश्शीवर नानांनी पुन्हा वाढवलं, तर त्यांच्याकडे गुलामापासून वरच्या जोड्या (२४ प्रकारे) किंवा एक्का-राजा (१६ प्रकारे), दुसरं काही नसतंच. त्या सगळ्यांसमोर सर्व पानं उघडेपर्यंत माझा जिंकण्याचा वाटा ३४ टक्क्यांच्या आसपास. दोघांपुढे चिप्सचे मोठे ढीग असताना सेटच्या आशेने एकदा कॉल करावा, इतपत पटतं. पण ब्लाइंड ५०-१०० झाल्यावर, माझ्याकडे हजारभरच उरले असताना? तिथे सध्या मी आधीच ऑल-इन जातो (सगळ्या चिप्स एकदम लावतो), म्हणजे नानांना उलट रेझ करायला जागाच राहत नाही. अठ्ठीलाही हेच चालेल का, ते पाहतोय. तुमच्या टेबलावर कुणी करून पाहिलं असेल तर चिप्सच्या आकड्यांसकट सांगा.