छपरांवर माणसं असतात ते पंधरा दिवस

रविवार, मे अखेर

मुंबईची छपरं बघावीत ती या दिवसांत. एरवी वर कावळे, कबुतरं आणि टाक्या. मेच्या शेवटी मात्र जिकडेतिकडे माणसं चढलेली असतात. कोणी कौलं परततोय, कोणी पत्र्याच्या भोकांना डांबर फासतोय, कोणी निळ्या ताडपत्रीची टोकं विटांखाली दाबतोय. कॅमेरा घेऊन गिरगावात पोचले तेव्हा सात वाजायचे होते. उशीर केला की ऊन पांढराफटक होतं आणि कौलांचा लाल नि पत्र्याचा गंज वेगळा ओळखू येत नाही.

ड्रोन उडवायचा तर पोलिसांची परवानगी, त्या वाटेला मी जात नाही. मला गच्ची लागते, आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते. आजचे सेक्रेटरी बनियनवरच दारात आले. "फोटो? कसले फोटो? बिल्डरकडून आलात का?" मैत्रिणीच्या आत्याचं नाव सांगितल्यावर सूर जरा उतरला. मग स्वतःच वर आले, टाकीमागचा कोपरा दाखवून म्हणाले, "आलाच आहात तर याचा एक काढा. इथूनच गळतंय. काँट्रॅक्टरला मीटिंगमध्ये दाखवतो." काढला, लगेच व्हॉट्सअ‍ॅपही केला. आत्यांनी कोकम सरबत दिलं. त्यांच्या जिन्यावरचं छप्पर अजून लाकडी आहे. तेव्हा खाल्ल्या घरचे वासे मोजायचं कामही आज अक्षरशः झालं.

समोरच्या चाळीवर शाकारणी चालली होती. दोघंजण. एक आढ्याशी, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या कडेशी बसून जुनी कौलं काढत होता, दुसरा खालून नवी पोचवत होता. वरचा चालताना पाय कौलाच्या मध्यावर देत नव्हता, खाली रीप, म्हणजे कौलं टेकतात ती लाकडी पट्टी, असेल तिथेच देत होता. प्रत्येक कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने टकटक करायचा. खणखणीत वाजलं की परत जागेवर, बद्द वाजलं की बाजूला. लांब लेन्समधून कौलाची पोटाकडची बाजू दिसली. रिपेला अडकायचं टोक आणि वर कारखान्याचा उठावदार शिक्का, अर्धा शेवाळाने भरलेला. कुठला ते वाचता आलं नाही. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, पाठोपाठ तिथे इतरांनीही काढले, आणि नेत्रावतीकाठच्या मातीची ही कौलं समुद्रमार्गे इथे येऊन पडली. त्याआधी नळीची कौलं. ती माकडामांजरांनीही सरकायची. मंगलोरी कौल एकमेकांत अडकून बसतं, त्यामुळे पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, पंधरावीस वर्षं हलत नाही. मधे एखादं काचेचं कौल असतं, माळ्यावर उजेड यावा म्हणून. संध्याकाळी आत दिवा लागला की छपरात तेवढाच चौकोन पिवळा दिसतो. तो फोटो अजून मनासारखा जमलेला नाही, कारण त्या वेळी बाकीचं छप्पर काळं पडतं.

या चाळीच्या मागे तीसच्या दशकातली आरसीसी इमारत आहे. तिच्या सपाट गच्चीवर आता लाल पत्र्याचं उतरतं शेड. हल्ली मी मुद्दाम हीच जोडी एका चौकटीत घेते. दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस चार महिन्यांत ओतणाऱ्या गावात सपाट छप्पर ही मुळात हौसच होती. सिमेंट आलं, आर्ट डेको नावाची बांधकामाची शैली आली. ओव्हल मैदानासमोर आणि मरीन ड्राइव्हला खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, पायऱ्यापायऱ्यांचे कठडे आणि वर झेंड्याची काठी. दिसायला देखणंच. २०१८ मध्ये त्या भागाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तोही रास्तच. पण स्लॅब गळतो. मग त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, कोब्यावर चायना मोझॅक. आजच्या गच्चीवरही तेच होतं. पांढऱ्या फुटक्या टाइल्समध्ये मधेच एक निळ्या काठाचा तुकडा, कुठल्यातरी बाथरूममधून आलेला. तरी गळतंच. शेवटी पत्रा चढतो. कागदोपत्री तो पावसाळ्यापुरता, पण दिवाळीत आकाशकंदील त्याच्याच अँगलला टांगलेला असतो. खाली कॅरम, हळदीचा कार्यक्रम, बारावीचे क्लास.

म्हणजे सत्तरऐंशी वर्षं सपाट राहून बघितलं आणि गाव पुन्हा उतारावर आलं. लोक या शेडांना नावं ठेवतात, 'स्कायलाइनची वाट लागली' म्हणतात. मला तसं वाटत नाही. रंग भडक असतात हे कबूल. पण मुंबईच्या छपराची रेघ पावसानेच आखायची असते, आणि पत्रेवाल्याला ते वास्तुविशारदापेक्षा आधी कळलं.

सीएसएमटीचंच घ्या. फ्रेडरिक स्टीव्हन्सचा तो घुमट आणि वरची 'प्रगती'ची मूर्ती येणारा-जाणारा प्रत्येक जण टिपतो. मीही टिपून झाले. पण तिथल्या कडांवरून पुढे झेपावलेली दगडी जनावरं नीट बघितली तर त्यांचं काम कळतं. छपरावरचं पाणी भिंतीपासून लांब फेकायचं. पन्हळीच्या तोंडाला वाघरू बसवलं की तिला कोणी पन्हळ म्हणत नाही, एवढंच. जुलैत छत्री सांभाळत एकदा ते वाहताना टिपायचं आहे.

टाक्यांचे फोटो आज पुष्कळ झाले. जवळजवळ प्रत्येक टाकीला लोखंडी शिडी. पालिकेच्या माणसाला वर चढून डासांच्या अळ्या तपासता याव्यात म्हणून शिडी आणि घट्ट झाकण लागतं. त्यामुळे या शहराच्या कुठल्याही गच्चीच्या फोटोत आभाळाकडे जाणारी एक शिडी आपोआप येते. सुरुवातीला मी ती टाळायचे. आता तिच्यावरून फोटोची उभी रेघ सरळ करते.

दुपारी ग्रँट रोडच्या बाजूला एका टॉवरमध्ये ओळखीच्यांकडे गेले होते. तिसावा की बत्तिसावा मजला. "इथून काय दिसतं बघ सगळं," असं त्यांचं बरेच दिवस चाललं होतं. दिसतं खरंच सगळं, पण फोटोच्या कामाचं नाही. एवढ्या उंचीवरून पाखं सपाट होतात. कौलं, पत्रा, ताडपत्री, सगळी रंगाची ठिगळं. आढं कुठलं आणि वळचण कुठली ते कळत नाही. छपराला छपरासारखं बघायचं तर त्याच्यापेक्षा एखाददुसरा मजला वर, समोरासमोर असावं लागतं. आणि टॉवरला स्वतःचं छप्परच नाही. वर लिफ्टची खोली, अँटेना, रात्री लाल दिवा. रस्त्यावरून मान दुखेपर्यंत बघितलं तरी रेघ म्हणून काही हाती लागत नाही.

संध्याकाळी परत येताना करी रोडला उतरले. पुलावरून गिरणीचं एक छप्पर थोडं दिसतं. उभी काचेची बाजू, तिरकी पत्र्याची बाजू, पुन्हा काच, पुन्हा पत्रा. काच उत्तरेकडे, म्हणजे मागावर थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड. माझ्या पावसाच्या सिद्धांताला हे छप्पर जुमानत नाही, कारण ते उजेडासाठी बांधलंय. दोन उतारांमधल्या पन्हळीत पाणी तुंबतं आणि या जातीची छपरं गळतातही भरपूर. आज तिथे बरेच पत्रे उतरवलेले दिसले, नुसते लोखंडी कैचीचे सांगाडे. पुलावर गर्दी एवढी की धड उभं राहता आलं नाही, एकही फोटो धड आलेला नाही. बुधवारी सुट्टी टाकून सकाळी पुन्हा जाते. हवामान खात्याचा अंदाज गुरुवारपासून पावसाचा आहे.